नापासांची बरणी

मास्तरांच्या घरी पाहुण्याला पाण्याचा पेला नंतर मिळे, आधी टाकी बघावी लागे. पाहुणा जोडे काढतोय न काढतोय तोच मास्तर त्याचा दंड धरून त्याला उत्तरेच्या खिडकीपाशी नेत आणि म्हणत, "बघा. काचेवर टकटक करू नका, नुसतं बघा." मग पाहुणा बघे. दोन फूट लांब, एक फूट रुंद काचेची टाकी. आत हिरवं शेवाळ, दोन वाळकी पानं, लाकडाचा एक ओंडका, आणि त्यांच्यावर चरणारे शे-सव्वाशे लाल झिंगे, बोटाच्या पेराएवढेसुद्धा नाहीत असे. खायचे नव्हेत हे. बुटक्या जातीचे, जन्मभर बुटकेच राहणारे, शोभेचे. इवले पुढचे पाय सारखे तोंडाकडे नेत ते निवांत चरत असत, कुणाच्या बापाचं देणं नसल्यासारखे. पाहुणा "वा!" म्हणेपर्यंत मास्तर दंड सोडत नसत. ते "वा" तोंडदेखलं निघालं तर आणखी पाच मिनिटं.

बाई हे सगळं स्वयंपाकघरातून, चहाचं आधण ठेवता ठेवता ऐकत. बाई म्हणजे मास्तरांची बायको. पण त्यांना कुणी मास्तरीण म्हटलेलं खपत नसे, कारण त्यांचा स्वतःचा धंदा होता. त्या रफू करत. जळलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली विजार, काहीही आणा, बाई ते असं भरून देत की फाटल्याची जागा त्यांची त्यांनाच पुन्हा शोधावी लागे.

मास्तरांचं मास्तरपण शाळेतलं नव्हतं. सूत रंगवायच्या कारखान्यात ते चाळीस वर्षं रंगमास्तर होते. हौदातून रंगून निघालेल्या सुताची एक लड त्यांच्यासमोर येई. ते ती खिडकीत धरत, पापणी न लववता बघत, आणि पसंत पडली तर लडीच्या टोकाला गाठ मारत. गाठ पडली की माल पुढे. नाही पडली तर हौद रिकामा करा आणि नव्याने रंगवा. मालकाची सही एक वेळ राहिली तर चाले, पण मास्तरांच्या गाठीशिवाय एक धागा फाटकाबाहेर जात नसे. दुसरे रंगारी नमुन्याचा धागा शेजारी धरून रंग जुळवत. मास्तर नमुना एकदा बघत आणि खिशात टाकून देत. "नमुना डोळ्यात मावत नसेल तर रंगारी व्हायचंच कशाला?" असं त्यांचं म्हणणं. चौदा तऱ्हांचे लाल ते नुसत्या आठवणीवर वेगळे सांगत, आणि कुणी खात्री करायला गेलं तर तोच तोंडावर पडे.

बाईंची रीत बरोबर उलटी. धागा कापडावर आडवा टाकल्याशिवाय त्या सुईला हात लावत नसत. टाकलेला धागा दिसला, तर तो नव्हे. दुसरा टाकायचा. जो टाकताक्षणी कापडात हरवेल तो खरा. आणि रफूच्या कामात गाठ नसते. बोटाला गाठ लागली की काम फसलं. गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून म्हणे, "अहो, फाटला होता कुठे तेच सापडत नाही!" बाईंना मिळणारी शाबासकी ती एवढीच, आणि ती देऊन गिऱ्हाईक बाईंना विसरून जाई. ते त्यांनी पोटात घातलं होतं. एक गोष्ट मात्र पोटात जात नव्हती. मास्तर शेजारणीच्या छत्रीच्या रंगावर मत देत, दवाखान्याच्या भिंतींवर देत, पण अडतीस वर्षांच्या संसारात बायकोने जुळवलेल्या एका धाग्याकडे त्यांनी कधी डोळा भरून बघितलं नव्हतं. एकदा, एकदाच, बाईंना त्यांच्या तोंडून "पास" ऐकायचं होतं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी त्यांना एक भेट दिली होती. काडेपेटीत गुंडाळून ठेवलेला हातभर लाल धागा.

"थोरल्या मास्तरांचा लाल आहे हा," ते म्हणाले होते. "माझ्या गुरूचा. असा लाल पुन्हा कुणाला जमला नाही. मलाही नाही, अजून."

"मग जवळ ठेवा की."

"मला कशाला हवा? माझ्या डोळ्यात आहे तो."

बाईंनी काडेपेटी दुकानातल्या खणात ठेवून दिली. नवऱ्याने दिलेली वस्तू, म्हणून.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात रंग मोजायचं मशीन आलं आणि त्याच्यामागून ते चालवणारा एक तरणा माणूस आला. त्याला सगळे मशीनवालाच म्हणू लागले. मास्तरांनी गाठ मारलेली एक लाल लड त्याने मशीनखाली धरली आणि चाचरत म्हणाला, "मास्तर, निळा जरा जास्त पडलाय." मास्तर म्हणाले, "मशीन आंधळं आहे." माल गेला आणि आठ दिवसांत परत आला. निळा जास्त पडलाय म्हणून. कुणी मास्तरांना जा म्हटलं नाही. त्यांनीच खिडकीतली आपली खुर्ची उलटी करून ठेवली, फाटकाबाहेर पडले, आणि त्या रस्त्यावर पुन्हा पाऊल म्हणून ठेवलं नाही. बाईंचं रफूचं दुकान नेमकं त्याच रस्त्यावर, फाटकासमोर. म्हणजे त्यांनी बायकोच्या दुकानावरही पाणी सोडलं. घरी आल्यावर तीन दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. चौथ्या दिवशी बाईच माशांच्या दुकानात गेल्या आणि माणसाचं मन रमेल असं काहीतरी द्या म्हणाल्या. दुकानदाराने पिशवीभर पाण्यात बारा झिंगे दिले, फिकट लाल, ठिपक्याठिपक्यांचे.

मास्तरांनी पिशवी उजेडात धरली. मग उठून बसले. "ह्यांच्यात लाल आहे," ते म्हणाले. "दडून बसलाय. बाहेर काढता येईल."

त्या दिवसापासून घरात एकच ध्यास, थोरल्या मास्तरांचा लाल जिवंत करायचा. मास्तर सगळं शिकले. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवल्याशिवाय टाकीत घालायचं नाही. तांब्याच्या वस्तूचा तर वाराही लागू द्यायचा नाही, तांबं ह्या जातीला विष. झिंगा कात टाकतो तेव्हा ती काढायची नाही, तोच ती खातो. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला की घरात मोठ्याने बोलायची बंदी. लेक सासरहून फोन करी तेव्हा आधी विचारी, "माझी भावंडं कशी आहेत?" मास्तर मनापासून उत्तर देत, "सत्तावीस नवीन."

दर रविवारी सकाळी अकरा वाजता निवड असे. वेळ कारखान्यातलीच, खिडकीही तशीच उत्तरेची, तिकडचा उजेड ऊन न पडता एकसारखा येतो म्हणून. पांढऱ्या वाडग्यात एकेक झिंगा जाळीने उतरायचा, मास्तर बघायचे आणि निकाल द्यायचे. "पास." तो टाकीत परत. "नापास." तो प्लास्टिकच्या डब्यात. डबा सोमवारी बाईंच्या हाती, जाता जाता माशांच्या दुकानात द्यायला. नापासांना टाकीत जागा नाही. त्यांचं रक्त मिसळलं की रंग बिघडतो, ही गोष्ट खरीच होती.

दीड वर्ष बाईंनी इमानेइतबारे डबे पोचवले. मग एका सोमवारी माशांचं दुकान बंद निघालं आणि डबा त्यांच्या रफूच्या दुकानात आला. दारातून उजेड पडला होता. बाईंनी सहज झाकण काढलं आणि बघतच राहिल्या. हे नापास? घरच्या टाकीतले तर हल्ली बिटासारखे दिसू लागले होते, हे त्यांच्या मनात अधूनमधून येई. पण रंगातलं आपल्याला काय कळतं, मास्तर आहेत ना, असं म्हणून त्या गप्प बसत. आता समोर कुणी मास्तर नव्हता. त्यांनी खणातली काडेपेटी काढली, थोरल्या मास्तरांचा धागा काढला आणि डब्याच्या काठावर आडवा टाकला. एक मादी पोहत त्याच्याखाली आली, आणि धागा हरवला.

त्या दिवशी बाईंनी एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला निळा धागा लावला. चाळीस वर्षांत पहिली चूक. काडेपेटीच्या अंधारात धाग्याचा रंग उडणं शक्य नव्हतं. म्हणजे उडाली होती ती आठवण, नाहीतर डोळे. जो लाल काढण्यासाठी हा माणूस दिवसरात्र झटत होता, तोच दर रविवारी स्वतःच्या हाताने बाहेर फेकत होता.

आता हे सांगायला नको का? नको. मशीनने सांगितलं तेव्हा मास्तर तीन दिवस भिंतीशी बोलत होते. मशीनवर राग तरी काढता आला. बायकोने सांगितलं तर राग काढायला उरलं कोण? बाईंनी गोळ्यांची एक मोठी काचेची बरणी घासून घेतली, माशांच्या दुकानदाराकडून छोटा पंप आणि स्पंजाचा बोळा आणला, आणि मास्तरांचे नापास तिच्यात सोडले. पुढच्या सोमवारी आणखी. दर वेळी त्या धागा काचेला लावून बघत. ज्यांच्यावर धागा दिसे ते दुकानदाराकडे, ज्यांच्यावर हरवे ते बरणीत. दुकानदाराला सगळं ठाऊक होतं, पण तो पोटात ठेवणारा माणूस. आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे बाईंना त्या बरणीची चटकच लागली. फाटके कपडे घेऊन येणारे कारखान्यातले कामगार बरणीसमोर उकिडवे बसत आणि म्हणत, "काय रंग आहे हो बाई!" रफूच्या कामात जे कधी मिळालं नाही ते बरणीत मिळत होतं. बाईंचं काम दिसत होतं.

गावातल्या शौकीन मंडळींचं दरवर्षी प्रदर्शन भरे. मास्तरांनी दोनदा झिंगे पाठवले आणि दोनदा तीच चिठ्ठी आली. "रंग एकसारखा, दाट. परंतु निळसर. लाल गटात बसत नाही." मास्तरांनी दोन्ही चिठ्ठ्यांचे बारीक तुकडे केले. "परीक्षक आंधळा आहे," ते म्हणाले. बाईंच्या मनात आलं, जगात आंधळ्यांची संख्या भलतीच वाढत चालली आहे.

तिसऱ्या वर्षी मंडळी टाकी बघायला घरीच येणार असं कळलं. मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी काच पुसली, पानं बदलली आणि पंपाचा जुना, काळाकुट्ट स्पंज काढून पांढराशुभ्र नवा बसवला. पाणी निर्मळ ठेवणारा सगळा जीव त्या काळ्या घाणीतच असतो, हे त्यांना माहीत होतं. पाहुण्यांना ते दहादा सांगत. पण पाहुणे येणार म्हटलं की शहाणाही घर झाडताना चार कामाच्या वस्तू बाहेर टाकतो.

तिसऱ्या दिवशी एक झिंगा उताणा दिसला. चौथ्या दिवशी तीन. बाकीचे चरायचं सोडून पाण्याच्या वरच्या काठाला येऊन चिकटले होते. मास्तरांनी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, तपासायच्या औषधाचे थेंब टाकले, नळी हलवली. पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष साचलंय. नळी खिडकीत धरून मास्तर म्हणाले, "पिवळं. पाण्यात काही नाही. दुसरंच काहीतरी आहे."

बाई भिजवलेली डाळ तशीच टाकून आल्या होत्या. नळीतलं पाणी हिरवं होतं. शेवाळासारखं हिरवं.

आता गप्प बसले तर ही टाकी संध्याकाळपर्यंत संपेल, बाईंना स्पष्ट दिसत होतं. सहा वर्षांची टाकी. बोलले तर हा माणूस संपेल. त्यांनी टाकीकडे बघितलं. एक अंडीवाली मादी काठाशी लटकत होती आणि तशातही पोटाखालच्या अंड्यांना पायांनी वारा घालत होती.

"अहो, हिरवं आहे ते," बाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं रंग बघतोय मी."

"चाळीस वर्षं मीही धागे बघतेय." आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी औषधाच्या खोक्यातलं छापील कार्ड काढलं. त्यावर पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत चौकोन होते. मास्तरांनी ते आजवर खोक्याबाहेर काढलं नव्हतं. बाईंनी ते त्यांच्या हातात दिलं. "नळी ह्याच्यावर धरा. मी धरते तशी. आडवी."

मास्तरांनी नळी पहिल्या चौकोनावर धरली. मग दुसऱ्यावर. पुन्हा पहिल्यावर. कपाळावर आठी पडली. "काहीतरी छपाई आहे ही," ते म्हणाले. "हे दोन्ही सारखेच छापलेत."

 बाईंनी मान हलवली, नाही अशी. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, परत त्यांच्याकडे. चौदा लाल वेगळे सांगणारा माणूस दोन चौकोनांवर बोट फिरवत उभा होता.  ती नळी हातातून घेऊन फोडून टाकावी असं त्यांना वाटलं.

"पाणी बदलायला घे," शेवटी मास्तर हळूच म्हणाले.

बादलीत पाणी ठेवलेलं होतंच. पाव टाकी बदलून झाली तशी बाई पायात चपला सरकवून दुकानात धावल्या आणि बरणीतला काळाकुट्ट स्पंज ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आल्या. बरणीसाठी त्यांनी एक जादा स्पंज मुरवून ठेवलेला होता, त्यामुळे तिकडची काळजी नव्हती. "कुठून आणलास?" मास्तरांनी विचारलं. "मिळाला," बाई म्हणाल्या. नापासांच्या घाणीने पासांचा जीव वाचवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झिंगे खाली उतरून पुन्हा चरू लागले. मास्तरांनी त्याच दिवशी प्रदर्शनवाल्यांना येऊ नका म्हणून कळवलं आणि लेकीला फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावायला सांगितलं.

"मोतीबिंदू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांत. पिकून पिवळे झालेत. इतके दिवस तुम्ही पिवळ्या काचेतून जग बघत होतात, आजोबा."

"इतके म्हणजे किती?"

"हळूहळू चढतो हा. आठ-दहा वर्षं तरी."

मास्तरांनी मनात हिशोब केला. मशीन येऊन सहा झाली होती. परतीच्या वाटेवर एरवी बापाची टर उडवणारी लेक त्यांचा हात धरून चालली.

आधी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं महिन्याने व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली तेव्हा मास्तरांनी आधी बाईंच्या अंगातल्या स्वेटरकडे बघितलं. "हा निळा आहे?" "विकत घेतला तेव्हापासून." "मी हिरवट समजत होतो." मग ते घरभर फिरले. भिंती पांढऱ्या निघाल्या, बायकोचे केस त्याहून पांढरे निघाले. सगळं बघून झाल्यावर, ज्याला ते उगाच लांबणीवर टाकत होते त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसले.

बाई दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी उजवा डोळा झाकला आणि नव्या डोळ्याने बघितलं. मग डावा झाकून जुन्या डोळ्याने. पुन्हा नव्याने. जुन्या डोळ्यात थोरल्या मास्तरांचा लाल तसाच होता, सहा वर्षं घासूनपुसून काढलेला. नव्या डोळ्यात बीट.

"मशीन आंधळं नव्हतं," ते म्हणाले.

बाईंना वाटलं, आता हा माणूस भिंतीकडे तोंड करणार. पण मास्तरांनी मान वळवली ती त्यांच्याकडे. "ती काडेपेटी आहे का गं अजून? मी दिलेली."

"आहे. दुकानात."

"उद्या येताना घेऊन ये."

हो म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते निराळंच. "मी नाही आणणार. नमुना बघायचाय ना? मग तुम्ही या दुकानात."

अडतीस वर्षांत बायकोने कुठलीही वस्तू आणायला नकार दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बरणी तीनदा पुसली.  परीक्षेला बसल्यावर मुलींना वाटतं तसं वाटत होतं, आणि साठी उलटल्यावर असं वाटावं याचा रागही येत होता. आलेच नाहीत तर? आले आणि नापास म्हणाले तर? नापासांचे नापास, त्यांना मग कुठली बरणी?

अकराला दहा कमी असताना मास्तर रस्त्याच्या वळणावर दिसले. ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात काठी. सहा वर्षांनी त्या रस्त्यावर. फाटकाकडे त्यांनी बघितलं नाही. मान खाली घालून ते दुकानात शिरले, चष्मा काढला आणि काडेपेटीसाठी हात पुढे केला. तो हात तसाच राहिला.

बरणीत साठेक झिंगे चरत होते. मागच्याच आठवड्यात अंड्यांतून निघालेली पिल्लं काचेवरून फिरत होती.

मास्तरांनी काडेपेटी घेतली, धागा काढला. खिशात टाकला नाही. बाई करत तसा तो बरणीच्या काचेवर आडवा धरला. धागा हरवला. त्यांनी तो उचलला, दुसरीकडे धरला. तिथेही हरवला. उजवा डोळा झाकून बघितलं, जवळून बघितलं, लांबून बघितलं. 

"कुणी निवडले हे?"

"तुम्ही," बाई म्हणाल्या. "रविवारी तुम्ही फेकलेत. सोमवारी मी वेचले. साडेचार वर्षं."

मास्तरांनी धागा पुन्हा एकदा काचेला लावून बघितला. मग म्हणाले, "इथला उजेड बरोबर नाही. उत्तरेचा हवा." आणि बरणीला हात घातला.

"अहो, जपून! पिल्लं आहेत, हिसका बसेल!" बाईंनी दुसरी बाजू धरली. दोघा म्हाताऱ्यांनी ती जड बरणी रस्ता ओलांडून नेली आणि नेऊन ठेवली ती कारखान्याच्या फाटकाशेजारच्या कट्ट्यावर, जिथे सावली पडते आणि उजेड उत्तरेचा येतो. अकराची चहाची सुट्टी झाली होती. कामगार कप घेऊन बाहेर आले आणि मास्तरांना बघून जागच्या जागी थबकले. त्यांच्यामागून मशीनवाला आला. त्याच्या कानांवरचे केस आता पिकू लागले होते.

"ये रे," मास्तरांनी त्याला हाक मारली. "तुझं मशीन बरोबर होतं. सहा वर्षं मी त्याला उगाच पाण्यात पाहिलं."

मशीनवाल्याने हातातला कप कट्ट्यावर ठेवला. तो बरणीवर वाकला. "हे तुम्ही तयार केलेत, मास्तर?"

"माझे घरी आहेत. बिटाच्या रंगाचे. तेही झकास आहेत, ये बघायला. फक्त मी मागितलेला रंग तो नव्हे." मास्तरांचा आवाज चढला. चाळीस वर्षं हौदांच्या घुमघुमाटावरून जाणारा तो आवाज फाटकाच्या आतपर्यंत गेला. "आणि हा थोरल्या मास्तरांचा लाल. मला जमला नाही. हिला जमला. ही माझी बायको. माझ्याकडे चाळीस वर्षं नुसता डोळा होता. हिच्याकडे डोळाही आहे आणि धागा लावून बघायची अक्कलही आहे. पास!"

बाईंना आपले कान तापलेले कळले. कामगार बरणीभोवती गोळा झाले. त्यातले निम्मे रोजच तिच्यासमोर उकिडवे बसणारे होते, पण आज ते नव्यानेच बघितल्यासारखे बघत होते. एक जुना कामगार म्हणाला, "मास्तर, पास झाला तर मग गाठ मारा की!"

मास्तरांनी धागा दोन बोटांत धरला. टोक वळवलं. मग थांबले आणि धागा बाईंपुढे केला.

"तू मार."

"मी?" बाई म्हणाल्या. "मला गाठ मारायची सवय नाही हो."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर."

बाईंनी धागा घेतला. चाळीस वर्षं त्या बोटांनी एकही गाठ वर येऊ दिली नव्हती. जिथे हात लागेल तिथे सगळं सपाट, जणू कुणी बसून काही केलंच नाही. त्यांनी धाग्याचं टोक वळवलं, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली, तिच्यावर तिसरी. नीट ओढून घट्ट केली. मग तो धागा बरणीच्या गळ्याला बांधला, गाठ पुढच्या बाजूला येईल असा, आणि रस्त्यापलीकडे आपल्या दुकानाच्या दारात जाऊन तिथून ती दिसते का ते बघितलं. दिसत होती.